तपासणी गावात, उपचार जिल्ह्याला. मधल्या काळात लेकराचं काय?

बीड : "बाप पण उशिराच बोलला होता, पोरगं बोलेल की." दोन वर्षांचं लेकरू अजून 'आई' म्हणत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांकडून हमखास येणारं हे उत्तर. कधी ते खरं निघतं. पण जेव्हा निघत नाही, तेव्हा कळेपर्यंत पोर पहिलीत गेलेलं असतं. ऐकू कमी येत होतं की बोलण्यातच अडचण होती, हे गुरुजींनी सांगितल्यावर घरच्यांना समजतं. तोवर हातातली सगळ्यात मोलाची वर्षं गेलेली असतात.

पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ जितक्या वेगानं होते, तितकी पुढं आयुष्यात कधीच होत नाही. म्हणून कमी ऐकू येणं, बोलणं उशिरा येणं, पाय ताठ असणं, मान न धरणं, स्वमग्नता अशा अडचणी लवकर ओळखून लगेच काम सुरू केलं, तर लेकरू बरंच पुढं जातं. यालाच शीघ्र हस्तक्षेप म्हणतात. नाव सरकारी आहे, पण त्यातलं बरंचसं काम घरातच होतं. आणि नेमकं घरापर्यंतच ते पोचत नाही.

कागदावर काय आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी पाहिल्या जातात. अडचण दिसली, तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसोपचाराचे जाणकार आणि विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, आणि सगळं मोफत असावं, अशी ती रचना आहे.

आशाताईंच्या घरभेटीही ठरलेल्या आहेत. बाळंतपणानंतर पहिल्या ४२ दिवसांतल्या भेटी वेगळ्या. त्यानंतर बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झाल्यावर पाच भेटी.

मोठी फट यापुढं आहे. आशाताईंची शेवटची ठरलेली भेट १५ व्या महिन्यात होते आणि लेकरू अंगणवाडीत रोज बसायला लागतं तिसऱ्या वर्षी. मधल्या पावणेदोन वर्षांत आई अंगणवाडीत जाते ती लसीकरणाला, वजनाला आणि घरी न्यायच्या आहाराची पाकिटं घ्यायला. बोलणं फुटायचं, दोन शब्द जोडायचे, दुसऱ्या पोरांत खेळायला लागायचं वय नेमकं हेच. पथक आलं त्या दिवशी हे लेकरू अंगणवाडीत असेलच असं नाही. ते आईबरोबर रानात असतं, नाहीतर आजीच्या कडेवर.

पथक गावात, लेकरू कोपीवर

आपल्या जिल्ह्यात त्यात ऊसतोडीची भर पडते. दिवाळी झाली की टोळ्या हलतात. मुकादमाची उचल फेडायची म्हणून नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो आणि परत येता येता मार्च-एप्रिल उजाडतो. अंगावरचं पोर आईबरोबरच जातं. म्हणजे दीड-दोन वर्षांच्या लेकराची जवळजवळ अर्धी वर्षं फडात आणि कोपीवर जातात. या काळात गावात पथक आलं, तर याचं नाव 'गैरहजर'.

मोठं भावंड आजीजवळ गावात राहिलं, तर त्याची तपासणी होते. पण जिल्ह्याला न्यायची चिठ्ठी मिळाली, तरी न्यायचं कुणी? आईबाप सहा महिने बाहेर आणि आजीला बीडच्या दवाखान्यात खिडकी शोधता येत नाही.

खर्च तिकिटाचा नाही, बुडालेल्या दिवसाचा

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. तरी आष्टी, परळी, अंबाजोगाईकडच्या टोकाच्या गावांतून बीडला येऊन परत जायचं म्हणजे सकाळची गाडी ते रात्रीचा उंबरा. एका दिवसाची मजुरी गेली, घरची दुसरी लेकरं शेजारणीवर टाकली, आणि तिथं गेल्यावर अर्धा तास व्यायाम. पुन्हा पुढच्या आठवड्यात या. दोन-तीन फेऱ्या झाल्या की घर थकतं. मग कागदावर 'पालक आले नाहीत' असा शेरा पडतो. दोष आईवर जातो, अंतरावर जात नाही.

हिशेब साधा आहे. आठवड्यातून अर्धा तास थेरपिस्टकडे गेला, तरी उरलेले सहा दिवस साडेतेवीस तास लेकरू घरातच असतं. त्या वेळेत घरच्यांनी काय करायचं हे नीट शिकवलं, तर उपचार रोज होतो. नाही शिकवलं, तर अर्ध्या तासाचं केलेलं आठवडाभरात विरून जातं.

घरातलंच काम, फक्त रीत बदलून

यासाठी घरात वेगळी खोली लागत नाही की महाग खेळणी लागत नाहीत. आंघोळ घालताना हात, पाय, पोट यांची नावं घेत पाणी घालायचं. जेवताना "भाकरी देऊ का केळं?" असं विचारून दोन्ही दाखवायचं आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं. बहुतेक घरांत पोरानं बोट दाखवायच्या आधीच वस्तू हातात दिली जाते. मग त्याला बोलायची गरजच पडत नाही.

पाय ताठ असलेल्या, पायांची कात्री होणाऱ्या लेकराला दोन्ही पाय फाकवून कडेवर घेतलं, की येता-जाता त्याचा व्यायाम होतो. बसता येत नसेल, तर भिंतीच्या कोपऱ्यात आधार देऊन बसवता येतं. अशा मुलाला आडवं झोपवून भरवू नये, ठसका लागतो. पाठ आणि मान सरळ ठेवूनच भरवावं. कोणत्या लेकराला काय चालेल, हे मात्र एकदा तज्ज्ञाकडून बघून घ्यावं लागतं. नुसत्या मालिशवर वर्ष काढण्यात अर्थ नाही.

आणि मोबाइल. रडतंय म्हणून हातात दिलेला फोन पोराला गप्प करतो, पण बोलायला शिकवत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

अंगणवाडीताईंवर आणखी किती?

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती आणली. लवकर ओळखायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं, पुढं पाठवायचं, असा तिचा गाभा आहे. पुढच्याच वर्षी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आला. त्यात आईबापानं घरी करायचे वयानुसार १४० खेळ-उपक्रम आहेत. वर सांगितलेली फट बुजवायला हे दोन्ही उपयोगाचे आहेत.

पण ते करणार कोण? अंगणवाडीताईच. त्यांच्याकडे पोषण ट्रॅकरची नोंद, वजन-उंची, आहार वाटप, गृहभेटी आणि वर येईल तो सर्व्हे आहेच. त्यात दोन-चार दिवसांच्या प्रशिक्षणावर मुलाच्या वाढीतला उशीर ओळखायचा. ओळखलाच, तर पुढं विचारायला तालुक्यात माणूस नाही. गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, पण त्यांचं मुख्य काम शाळेतल्या मुलांचं.

गावातली बाई हे करू शकणार नाही, असं मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ते जगासमोर आलं आणि पुढं त्याच वाटेनं देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. तिथं प्रशिक्षण नीट होतं, देखरेख होती आणि अडलं तर विचारायला माणूस होता. इथं नेमक्या याच तीन गोष्टी कमी पडतात.

काय व्हायला हवं?

पहिलं, पंधरा दिवसांतून एक ठरलेला दिवस थेरपिस्टनं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावं. शंभर आयांनी बीडला जाण्यापेक्षा एका माणसानं तालुक्याला येणं स्वस्त पडतं. दुसरं, बीडच्या पथकांचं वेळापत्रक ऊसतोडीच्या हंगामाला धरून आखावं. एक फेरी टोळ्या निघायच्या आधी आणि एक त्या परत आल्यावर. तिसरं, १५ महिन्यांनंतरही तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत घरभेटी ठरवाव्यात आणि त्याचा मोबदला वेगळा द्यावा. या गोष्टी ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत मागता येतात. त्यासाठी नवी योजना लागत नाही.

कधी थांबू नये?

चार महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, यापैकी काहीही दिसलं तर आशाताई, अंगणवाडीताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवावं. पथकाच्या फेरीची वाट बघू नये. माता-बाल संरक्षण कार्डावर वयानुसार या खुणा चित्रांसह असतात. ते कार्ड लसीकरणानंतर फडताळात टाकण्यापेक्षा महिन्याला एकदा काढून बघावं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ते बरोबर न्यावं.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. म्हणून प्रमाणपत्राला लाजू नये. ते पोराच्या कपाळावरचा शिक्का नाही, त्याच्या हक्काचा कागद आहे.

दाखवलं आणि काहीच निघालं नाही, तर एक दिवस गेला. नाही दाखवलं आणि काही निघालं, तर गेलेली वर्षं कुणीच भरून देऊ शकत नाही.