आणखी एकदा

घाटकोपरला आमच्या इमारतीसमोर मारवाडी कुटुंबांची लग्नं होतात. तिथे ‘केसरिया बालम’ वाजलं, की आमचा वह्या तपासणारा हात थांबतो.

काही वर्षांपूर्वी अब्बांना घेऊन आम्ही जैसलमेरच्या मरू महोत्सवाला गेलो होतो. माघ पौर्णिमेची रात्र. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या. मांगणियार कलावंत कमायचा वाजवत होते. आंब्याच्या लाकडाचं, बकरीच्या कातड्याने मढवलेलं हे वाद्य. हे कलावंत मुसलमान. पण पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी बारशा-लग्नाला गात आले. त्यांनी ‘केसरिया बालम’ सुरू केलं. बिकानेरच्या अल्लाह जिलाई बाईंनी गाजवलेली ही मांड. १९८२ मध्ये बाईंना पद्मश्री मिळाली.

गाणं संपलं. अब्बा म्हणाले, “बेटा, आणखी एकदा ऐकू या.” थंडी वाढली होती, गाडीवाला घाई करत होता. आम्ही त्यांचा हात धरून उठवलं. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रमजानपूर्वी अब्बा अल्लाहला प्यारे झाले.

दूर गेलेल्या माणसाला घरी बोलावणारं हे गाणं. पूर्वी आवाज नको म्हणून आम्ही खिडकी लावायचो. आता शेवटपर्यंत ऐकतो आणि अब्बांच्या मगफिरतीची दुआ करतो.

घरातलं वडीलधारं माणूस ‘आणखी एकदा’ म्हणालं, तर भगिनींनो, बंधूंनो, थोडं थांबा. गाडी थांबते.