सांत्वनाला जाताना



गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका घरी भेटायला गेले होते. यजमान जाऊन तिसराच दिवस. बाईंना सारखं रडू येत होतं. शेजारी बसलेल्या एका श्राविकेने त्यांचा हात धरून सांगितलं, "रडू नका, हे आर्तध्यान आहे. कर्मबंध होतो." बाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

सांगितलं ते खोटं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत, त्यात इष्टवियोग आहेच. पण ते मी माझ्यापुरतं वाचायचं असतं. बारा भावनासुद्धा स्वतःच भावायच्या असतात. दुसरीच्या दारात जाऊन तिला अनित्य भावना ऐकवायची, हे मला पटत नाही.

आता पटत नाही, असं म्हणायला हवं. कारण थोरले दीर गेले तेव्हा जाऊबाईंना मी अगदी हेच ऐकवलं होतं. "अक्का, आत्मा अमर आहे, शरीरासाठी काय रडायचं?" मी चाळिशीतली, पाठशाळेत शिकवत होते, सगळं पाठ होतं.

चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. घरचा जमाखर्च मी लग्नापासून लिहिते (बी.कॉम.चा एवढाच उपयोग झाला!). रोज दीड लिटर दूध यायचं, आता एक पुरे होतं. पण गवळ्याला 'अर्धा लिटर कमी कर' हे सांगवेना. वहीत 'दूध १ लिटर' लिहायला हात उचलेना. दूध येत राहिलं, मी विरजण लावत राहिले. मर्यादेबाहेरचं दही चालत नाही, द्विदल म्हणून बेसनाची कढी नाही, मग रोज घुसळून ताक. सुनेने ते दीड महिना मुकाट्याने शेजारी वाटलं. एका शब्दाने विचारलं नाही. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवसांत स्वाध्यायाला आचार्य रविषेणांचं पद्मपुराण काढलं होतं. लक्ष्मण गेल्यावर राम त्याचं शरीर खांद्यावर घेऊन सहा महिने फिरतो, त्याला न्हाऊ घालतो, घास भरवू बघतो. बिभीषण, सुग्रीव येऊन समजावतात, संसार असार आहे हे सांगतात. राम ऐकत नाही. मग कृतांतवक्त्र आणि जटायू, जे देव झाले होते, ते येतात आणि त्याच्यासमोर कामाला लागतात. वाळलेल्या झाडाला पाणी घालतात, वाळू घाण्यात घालतात, लोण्यासाठी पाणी घुसळतात. रामच त्यांना विचारतो, अरे, पाण्यातून कधी लोणी निघतं का? आणि विचारता विचारता त्याचं त्यालाच उमगतं. याच रामाला आपण मांगीतुंगीहून मोक्षाला गेला म्हणून वंदन करतो. त्याच भवात मोक्षाला जाणाऱ्या जिवाला सहा महिने लागले, आणि आपण आपल्या बायकांना तीन दिवस द्यायला तयार नाही.

गवळ्याला शेवटी मीच सांगितलं. कुणी समजावलं म्हणून नाही. रवी फिरवताना एका सकाळी वाटलं, आता पुरे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भेटायला जावं, णमोकार म्हणावा, गप्प बसावं. त्या बाईने विचारलं तरच शास्त्र काढावं.

मागच्या क्षमावाणीला अक्कांना मुद्दाम फोन केला. म्हटलं, "अक्का, त्या वेळी मी बोलले, त्याची क्षमा करा."

त्या म्हणाल्या, "काय बोललीस ते मला आठवतसुद्धा नाही गं. पण महिनाभर पोळपाटाला हात लावू दिला नाहीस तू मला. 'तुम्ही नुसत्या बसा अक्का, तुम्ही नुसत्या बसा.' बसून बसून जीव नकोसा झाला होता माझा."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला तर ती सेवा वाटत होती.

त्या बाईंकडे बारा दिवस झाल्यावर पुन्हा जाणार आहे. त्यांच्याकडे तांदूळ निवडायचे असतील तर दोघी बसून निवडू.