किल्ली दिली, पण ताबा दिला का?

परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. आवाज रडवेला. भाड्याचा फ्लॅट सोडून तिला तीन महिने झाले, तरी साठ हजारांचं डिपॉझिट मिळालेलं नाही. मालक म्हणतात, तुम्ही ताबा दिलाच नाहीत, उलट तीन महिन्यांचं भाडं तुम्हीच द्या.

"अगं, पण किल्ली दिलीस ना?"

"दिली ना मावशी, वॉचमनकडे. ते गावाला गेले होते, फोनवर तेच म्हणाले वॉचमनकडे ठेवा म्हणून."

आणि हळूच पुढे म्हणाली, एक कपाट तेवढं आत राहिलंय, नंतर नेणार होते.

आता मी मालकांना नावं ठेवणार, असं तुम्हाला वाटेल. ठेवणार आहेच, पण आधी भाचीला. कपाट आत असताना घर मोकळं झालं कसं म्हणायचं? त्या माणसाने ते बाहेर काढलं तर चोरीचा आळ, नाही काढलं तर नवीन भाडेकरू ठेवता येत नाही.

घर घेताना आपण केवढा सोहळा करतो! करारनामा, नोंदणी, अंगठ्याचे ठसे, फोटो, दोन साक्षीदार. आणि सोडताना? वॉचमनच्या टेबलावर किल्ली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे घर नेमकं कोणत्या तारखेला परत दिलं याला एवढी किंमत आहे, आणि त्या तारखेचाच कागद कुणाकडे नसतो.

माझं म्हणणं साधं आहे. दिवसाउजेडी, रिकाम्या घरात, दोघांनी समोरासमोर उभं राहावं. नळ सोडून बघावेत, पंखे-दिवे लावून बघावेत, मीटरचं रीडिंग लिहावं, किल्ल्या किती दिल्या ते लिहावं, डिपॉझिटचा हिशोब तिथेच करावा. ताबा पावतीच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या. अर्ध्या तासाचं काम. "एवढ्या ओळखीत कागद कशाला?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी म्हणते, ओळख टिकावी म्हणूनच कागद. शाळेत चार्ज देताना आम्ही कपाटातल्या नकाशांची सुद्धा यादी करून सह्या घेत होतो, त्यात कुणी अपमान मानला नाही.

आता मालकांबद्दल. त्यात मीही आलेच. 2011 साली आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या एका नर्सबाईंनी सोडल्या. चार वर्षं राहिल्या, भाडं एकदाही चुकलं नाही. जाताना फरशी पुसून, ओटा घासून गेल्या. आणि मी काय केलं, तर भिंतीतली खिळ्यांची भोकं आणि स्वयंपाकघरातला धूर दाखवून रंगाचे म्हणून पाच हजार कापून घेतले. अहो, चार वर्षांनी रंग मला काढावाच लागला असता! त्या काही बोलल्या नाहीत. उरलेले पैसे मोजले आणि जिना उतरून गेल्या.

पुढे कधीतरी वाचनात आलं की 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सुद्धा भाडेकरूने घर होतं तसं परत द्यावं असं सांगताना रास्त वापराने होणारी झीज वगळलेली आहे. तो कायदा भाडेपट्ट्याचा, लीव्ह अँड लायसन्सचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण इंग्रजांना तेव्हा जे कळलं होतं ते मला, मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारीला, कळू नये? फुटलेलं बेसिन वेगळं आणि विटलेला रंग वेगळा. बाईंचा पत्ता आता माझ्याकडे नाही. शोधून पाहिला.

असो. मालकांना मी स्वतः फोन केला. माणूस वाईट वाटला नाही, फक्त चिडलेला होता. वॉचमनकडे किल्ली ठेवायला आपणच सांगितलं होतं, हे त्यांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर कबूल केलं. येत्या रविवारी कपाटासाठी टेम्पो ठरवलाय. भाचीला म्हटलं, मीही येते. कोरे कागद आणि कार्बन माझ्या पिशवीत आहेत.