फसलेल्या निवडींचा हिशेब

कबड्डीचा किंवा क्रिकेटचा हंगाम संपला की पराभूत संघांच्या चुकांची यादी मांडण्याचे काम सुरू होते. या यादीत एक नोंद हमखास अग्रभागी असते. सर्वांत अधिक रक्कम मोजून घेतलेला आणि अपेक्षेला न उतरलेला खेळाडू, ही ती नोंद. ‘एवढे पैसे ओतले, पण पदरात काय पडले?’ हा प्रश्न शाळेच्या शिक्षकखोलीत, कचेरीत आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर सारख्याच आवेशाने विचारला जातो. संघाच्या व्यवस्थापनाची लायकी त्याच्या फसलेल्या पहिल्या पसंतीवरून ठरवावी, असा या प्रश्नामागचा गृहीत सिद्धान्त आहे. वरवर पाहता तो न्याय्य वाटतो. चुकांचा जाब विचारलाच पाहिजे, याविषयीही दुमत नाही. तथापि चूक कशाला म्हणावे आणि ती मोजावी कशी, या प्रश्नांची उत्तरे आपण समजतो तितकी सोपी नाहीत.

फसलेल्या निवडींवरून संघांची प्रतवारी करण्याचा हा छंद अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये फार जुना आहे. तेथे नवोदित खेळाडूंचा लिलाव होत नाही. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात आणि मागील हंगामात दुबळ्या ठरलेल्या संघांना आधीची पाळी मिळण्याची शक्यता अधिक असते. १९८४ साली दुसऱ्या क्रमांकाची पाळी पोर्टलँडच्या संघाकडे होती. त्याने सॅम बोवी या उंचापुऱ्या खेळाडूला पसंती दिली आणि तिसऱ्या पाळीत शिकागोच्या संघाने मायकेल जॉर्डनला उचलले. पुढे जॉर्डनने सहा विजेतेपदे मिळवून दिली, तर बोवीची कारकीर्द पायाच्या दुखापतींनी ग्रासली. ‘फसलेली निवड’ म्हटले की आजही तेथे हेच उदाहरण पुढे केले जाते. २००३ साली डेट्रॉइटच्या संघाने दुसऱ्या पाळीत डार्को मिलिचिच याला घेतले आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश व ड्वेन वेड हे तिघे त्याच्या मागून इतर संघांकडे गेले. मिलिचिच अपेक्षेला उतरला नाही. परंतु तोच डेट्रॉइटचा संघ २००४ मध्ये अजिंक्य ठरला!

केवळ फसलेल्या पहिल्या पसंतीवरून डेट्रॉइटची परीक्षा केली असती, तर अजिंक्य संघाला आपण नापास केले असते. आपल्याकडेही याचे प्रत्यंतर मिळाले आहे. २०१३ च्या आयपीएल लिलावात मुंबईच्या संघाने ग्लेन मॅक्सवेलसाठी दहा लाख डॉलर मोजले आणि त्याला अवघे तीन सामने खेळविले. त्याच वर्षी मुंबईने आपले पहिले विजेतेपद मिळविले. महागडी चूक आणि सर्वोच्च यश एकाच घरात, एकाच हंगामात नांदू शकतात, एवढे यावरून निश्चित दिसते.

बास्केटबॉलच्या पद्धतीतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. दुबळ्या संघाला आधीची पाळी मिळत असल्याने त्याच्या निवडींकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. वर्षानुवर्षे तळाला राहणाऱ्या संघाच्या नावावर मोठ्या फसगती अधिक दिसतात, याचे एक साधे कारण म्हणजे मोठी निवड करण्याचे प्रसंगच त्याच्या वाट्याला अधिक येतात. ज्याने दहा परीक्षा दिल्या तो तीनदा नापास झाला आणि ज्याने दोनच दिल्या तो एकदा नापास झाला, तर पहिला अधिक ‘ढ’ ठरत नाही. हे शिक्षकांना सांगावयास नको. अपयशांची संख्या सांगताना संधींची संख्या सांगितली नाही, तर तो हिशेब अपुरा राहतो.

लिलावाचा स्वभाव

आपल्या प्रो कबड्डीत खेळाडूंची मुख्य खरेदी लिलावाने होते. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले, तेव्हा ती सर्वोच्च बोली होती. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, सहा खेळाडू एक कोटीच्या घरात गेले. मोनू गोयतसाठी हरियाणाच्या संघाने १ कोटी ५१ लाख मोजले आणि तो संघ आपल्या गटात तळाला राहिला. लिलाव म्हटला की अशी फसगत व्हायचीच. ती कोणा एकाच्या मूर्खपणामुळे होते असे नव्हे. ती लिलावाच्या स्वभावातच आहे.

एका खेळाडूचे खरे मोल कोणालाच ठाऊक नसते. प्रत्येक संघ आपापला अंदाज बांधतो. कोणाचा अंदाज थोडा कमी असतो, कोणाचा थोडा जास्त. बोली जिंकतो तो मात्र ज्याचा अंदाज सर्वांत चढा आहे तोच. म्हणजे लिलाव जिंकणाराच मोलापेक्षा अधिक किंमत देऊन बसण्याची शक्यता सर्वांत अधिक! १९७१ साली अमेरिकेतील तेलउद्योगातील तीन अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून ही गोष्ट मांडली. अर्थशास्त्रात तिला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात.

त्यातच भर पडते ती गेल्या हंगामाच्या मोहिनीची. २०१७ मध्ये पुण्याच्या आयपीएल संघाने जयदेव उनाडकटला ३० लाखांत घेतले. त्याने २४ बळी घेतले आणि संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. पुढच्याच वर्षी राजस्थानने त्याच गोलंदाजासाठी साडेअकरा कोटी मोजले. त्या हंगामात त्याला ११ बळी मिळाले. गोलंदाज वर्षभरात बिघडला, असे म्हणण्यापेक्षा किंमत एका असाधारण वर्षावर बेतली गेली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला जो भाव मिळाला, तो पाहून ज्यांनी पुढची लागवड केली, त्यांनी सप्टेंबरात कोसळलेला भावही पाहिला. टोमॅटो तोच होता. चुकला तो गेल्या भावावरून बांधलेला अंदाज.

दैव की दृष्टिदोष?

निवड फसली म्हणजे नेमके काय झाले, हा पुढचा प्रश्न. २०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाखांहून अधिक रक्कम मोजली. पहिल्याच सामन्याच्या पूर्वार्धात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. फळ पाहिले तर ही निवड पूर्णतः फसली. परंतु निर्णय चुकीचा होता काय? त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर कोणत्याही जाणत्या प्रशिक्षकाने हाच खेळाडू निवडला असता. विशेष म्हणजे, त्याच्यावाचून खेळलेला तो संघ त्या वर्षी प्रथमच बाद फेरीत पोहोचला आणि उपांत्य सामन्यापर्यंत गेला. नवोदित नरेंदरने चढायांचा भार पेलला आणि दोनशेहून अधिक गुण मिळविले. अपयश पचविण्याची ताकद जर कोणत्या संघाने दाखविली असेल, तर ती या संघाने.

याच्या उलट चित्र पुढच्याच हंगामात दिसले. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये दिले. तो हंगामभर उत्तम खेळला. चढाईच्या गुणांत तो आघाडीच्या खेळाडूंत होता. संघ मात्र तळाला गेला. येथे खेळाडूची निवड फसली असे कोण म्हणेल? फसले ते अंदाजपत्रक. त्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर पाच कोटींची मर्यादा होती. तिच्यातील निम्म्याहून अधिक रक्कम एका चढाईपटूवर खर्च झाली, तर कोपरारक्षक, मध्यरक्षक आणि दुसरा चढाईपटू यांच्यासाठी उरणार काय? कबड्डी सात जणांचा खेळ आहे. चढाईत मिळविलेले गुण पकडीत गमावले, तर वीराची कीर्ती वाढते आणि संघाचा पराभव ठरलेला असतो. हाच अनुभव या संघाला पूर्वीही आला होता. २०१९ मध्ये त्याने कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. आदल्या वर्षी हाच खेळाडू यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांत होता. देसाईने दोन्ही वर्षी दोनशेहून अधिक गुण मिळविले, तरीही टायटन्स बारा संघांत अकरावे राहिले. एकाच प्रकारची चूक पुन्हा घडते, तेव्हा मात्र दैवाला दोष देता येत नाही.

पुण्याच्या संघाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१८ मध्ये पुणेरी पलटणने नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख खर्च केले. दुखापतीमुळे तो सर्व सामने खेळू शकला नाही आणि संघ बाद फेरीबाहेर राहिला. पुढच्या वर्षी तर तो दहाव्या स्थानी घसरला. त्या दिवशी हिशेब मांडणाऱ्याने या व्यवस्थापनाला अपात्रच ठरविले असते. परंतु नंतरच्या काळात संघाने लिलावाबाहेर तरुण खेळाडू घेऊन त्यांना घडविण्यावर भर दिला. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा त्यांच्यापैकीच एक. असा पाया तयार असल्याने २०२३ मध्ये इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजणे पुण्याला परवडले. ही रक्कमही मर्यादेच्या निम्म्याजवळच होती. फरक इतकाच की टायटन्सने खांबावाचून कळस चढविला आणि पुण्याने खांब उभे राहिल्यावर. १ मार्च २०२४ रोजी इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले.

न दिसणाऱ्या चुका

आतापर्यंत ज्या चुकांचा विचार केला त्या दिसणाऱ्या आहेत. घेतलेला खेळाडू डोळ्यांसमोर असतो. त्याची किंमत छापून येते आणि त्याचे अपयश मोजता येते. परंतु न घेतलेल्या किंवा हातातून सोडलेल्या खेळाडूचे काय? २०१५ मध्ये प्रदीप नरवाल बंगळूरच्या संघात होता. त्याला फारसे सामने मिळाले नाहीत आणि पुढच्या हंगामात तो पाटण्याकडे गेला. तेथे त्याने लागोपाठ तीन विजेतेपदांत वाटा उचलला आणि २०१७ च्या एकाच हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले. एखाद्या महागड्या खेळाडूच्या अपयशाहून हे नुकसान किती तरी मोठे. तथापि फसलेल्या खरेदीच्या यादीत ते कोठेही नोंदले जात नाही.

नरवाल निदान दुसरीकडे चमकला म्हणून त्याला सोडण्यातील चूक कळली. ज्यांना कोणीच घेतले नाही, त्यांच्याबाबतीत झालेली चूक कधीच उघडकीस येत नाही. आणि ज्या व्यवस्थेत केवळ दिसणाऱ्या चुकांना शिक्षा होते, त्या व्यवस्थेत निवड करणारा माणूस साहस करावयाचे सोडून देतो. तो नाव झालेला खेळाडू घेतो, कारण तो फसला तरी ‘सर्वांनी हेच केले असते’ असे म्हणता येते. आडगावच्या अनोळखी पोराला घेऊन तो फसला, तर मात्र खुर्ची जाते. फसलेल्या निवडींची टिंगल जितकी वाढेल, तितकी अनोळखी गुणवत्तेची दारे बंद होतील, असा हा उफराटा न्याय आहे.

हा प्रश्न केवळ कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या संघमालकांचा असता, तर त्याच्यावर इतकी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु निवडीचे काम आपण सर्वच करतो. तालुक्याचा संघ निवडणारे क्रीडाशिक्षक, क्रीडा प्रबोधिनीसाठी मुले पारखणारे अधिकारी, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला कोणाला बसवावयाचे हे ठरविणारे मुख्याध्यापक, हे सारे हेच करीत असतात. त्यांच्याकडूनही निवडलेल्यांच्या निकालाचाच हिशेब मागितला जातो. वगळलेल्यांविषयी कोणी विचारीत नाही. परिणामी शंभर टक्के निकालासाठी आधीच हुशार असलेली मुले निवडण्याकडे कल वाढतो आणि ज्याला थोड्या आधाराची गरज होती तो मागे राहतो.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक निवडीच्या वेळी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्या दिवशी कोणती माहिती हाती होती, एकूण साधनांपैकी किती वाटा पणाला लावला आणि कोणाला वगळून ही निवड केली. चार-पाच वर्षांनी ही वही उघडली, तर दुर्दैव कोणते आणि दृष्टिदोष कोणता, हे वेगळे काढता येईल. वगळलेल्यांचे पुढे काय झाले, हेही पाहता येईल. एका हंगामाच्या निकालावरून असा निवाडा करणे म्हणजे एका पावसावरून विहिरीची खोली सांगण्यासारखे आहे.

शेवटी एका गोष्टीचा विसर पडू नये. ‘फसलेला’ हा शिक्का आपण खेळाडूच्या कपाळावर मारतो. वस्तुतः लिलावाच्या दिवशी त्याच्या हाती काहीच नसते. त्याची किंमत त्याने ठरविलेली नसते, संघ त्याने निवडलेला नसतो आणि आपल्यामुळे कोणती जागा रिकामी राहिली हेही त्याला ठाऊक नसते. विशी-बाविशीतला, गावच्या मातीतून आलेला तो मुलगा दुसऱ्यांनी केलेल्या हिशेबाचे ओझे घेऊन मैदानात उतरतो. हिशेब चुकला तर जाब हिशेबनिसाला विचारावयाचा असतो. आपण मात्र तो अजून आकड्यालाच विचारीत आहोत.