पुढच्या स्टेशनावर उतर!

मुलांनो,

दिवाळीच्या सुट्टीत मी दिल्लीला जाऊन आले. बरोबर ताई, दाजी आणि पाचवीत शिकणारा माझा भाचा ओंकार. आम्ही एस.टी.ची माणसं. जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोत बसायचं म्हटल्यावर ओंकार सोडून सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता!

दिल्लीत मेट्रो सुरू झाली २००२ सालच्या डिसेंबरात, शाहदरा ते तीस हजारी एवढ्याच टप्प्यावर. आता तिचा नकाशा पाहाल तर रंगीत दोऱ्यांचा गुंताच! पण घाबरू नका. एक रंग म्हणजे एक मार्ग. आम्ही उतरलो होतो पहाडगंजला आणि जायचं होतं कुतुबमिनारला. म्हणजे रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनावरून निळ्या मार्गाने राजीव चौक, तिथे गाडी बदलायची आणि पुढे पिवळ्या मार्गाने कुतुबमिनार.

रंग कळला, पण दिशा? तिथेच नवखा माणूस फसतो. फलाटाच्या पाटीवर नाव असतं शेवटच्या स्टेशनाचं. पिवळ्या मार्गाचं एक टोक समयपूर बादली, दुसरं गुरुग्रामचं मिलेनियम सिटी सेंटर. आम्हाला हवी होती गुरुग्रामकडची गाडी. ओंकारला हे एका मिनिटात समजलं. तो म्हणाला, "मावशी, वाईहून पाचगणीला जाताना आपण महाबळेश्वरची पाटी बघून चढतो, तसंच ना?" अगदी तसंच!

तिकीट मात्र जपून ठेवा हं. एस.टी.तून उतरल्यावर आपण ते टाकून देतो. इथे बाहेर पडतानाही ते दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही.

निघताना मी ओंकारला आणखी एक गोष्ट बजावली होती. "चुकामूक झाली आणि तू एकटा गाडीत राहिलास, तर पुढच्या स्टेशनावर उतर. उतरलास तिथेच उभा राहा. परतीची गाडी पकडायची नाही. आम्ही येतो." दाजी हसले. म्हणाले, "बाईंचं शाळेबाहेरही सुरूच!"

राजीव चौक म्हणजे जत्राच. दोन मार्गांची माणसं एकाच वेळी चढतात-उतरतात. पिवळी गाडी आली, ओंकार पुढे सटकला, आम्ही गर्दीत मागे राहिलो आणि दरवाजे बंद झाले. इथे घंटीची दोरी ओढणारा कंडक्टर नसतो. काचेमागे ओंकारचा चेहरा दिसला आणि गाडी भुयारात शिरली.

ताईने तर हंबरडाच फोडला. "तो परत येईल, इथून हलू नका," असं ती म्हणू लागली. दाजी म्हणाले, वर जाऊन पोलिसांना सांगू. आणि खरं सांगू? नियम मीच केला होता, पण त्या क्षणी मलाही वाटलं, तो परत निघाला असला तर? मी इकडून जायची, तो तिकडून यायचा! या गोंधळात पुढची गाडी आली आणि गेलीसुद्धा.

शेवटी ताई-दाजींना तिथेच थांबायला सांगितलं. तो ज्या जागेवरून चढला होता, बरोबर त्याच जागी मी उभी राहिले. मेट्रोची गाडी दर वेळी ठरलेल्या जागीच थांबते. त्यामुळे त्याच दारातून चढलं की पुढेही त्याच्या समोरच उतरणार, असा माझा हिशेब.

पुढचं स्टेशन पटेल चौक. दोन-तीन मिनिटांचाच प्रवास, पण मला तो सातारा-पुण्याएवढा वाटला. दार उघडलं. समोर ओंकार! चिवड्याची पिशवी छातीशी धरून उभा. डोळे लाल, पण रडत नव्हता.

"एक काका म्हणाले, चल, तुला वर सोडतो. मी म्हटलं, नहीं, मावशी आनेवाली है," त्याने सांगितलं. आणि मग जरा रागानेच म्हणाला, "एक गाडी येऊन गेली. तू त्यात का नव्हतीस?"

काय उत्तर देणार? सांगितलं खरं ते. "आम्ही भांडत बसलो होतो."

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी आहे. मुलांना नियम सांगतो, तेव्हा तो आपणही पाळायचा असतो, हे गडबडीत आपणच विसरतो. घरून निघतानाच ठरवा, मूल कुठे थांबणार आणि त्याला घ्यायला कोण जाणार. फोन नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात घाला. आमच्या ओंकारच्या खिशात तो नव्हता, ही चूक माझीच.

आम्ही राजीव चौकला परतलो, ताईने त्याला पोटाशी धरलं आणि मग सगळे एकाच गाडीत चढलो. साकेत मागे पडलं की गाडी भुयारातून बाहेर येते आणि उजेडाने डोळे दिपतात. पुढचंच स्टेशन कुतुबमिनार. नाव तेच असलं तरी मिनार तिथून बराच लांब आहे बरं का, आम्हाला रिक्षा करावी लागली.

संध्याकाळी परत निघालो. फलाटावर जायच्या आधी ओंकारने दाजींना थांबवलं आणि विचारलं, "बाबा, आता शेवटचं स्टेशन कुठलं?"

दाजी गप्प.

"समयपूर बादली," तो म्हणाला आणि त्याने आईचा हात धरला.