शौक म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स बाईला पहिला एक आठवडा, कुठे कुठे दोन आठवडे, एक शब्दही बोलायचा नसतो. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो. खाकरायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, विडी-तंबाखूचं नाव काढायचं नाही. मग डॉक्टर दिवसाला काही मिनिटं बोलायची परवानगी देतात. तेव्हा निघतो तो आवाज घोगरा, फाटका असतो. तो नीट बसायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही जातं.

एवढं सांगितलं की आपल्याकडे ठरलेलं वाक्य येतं: "हे शौक आहेत सगळे. एवढ्या पैशात उमरा झाला असता." या शौकाबद्दलच मला बोलायचं आहे.

आठवीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, पोरांचे आवाज कसे फुटतात. जूनमध्ये चिवचिवणारा मुलगा दिवाळीनंतर हजेरी देतो तेव्हा मान वर करून बघावं लागतं. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि एकदा झाले की झाले. पुढे स्त्री-संप्रेरकं कितीही घेतली तरी ते पुन्हा बारीक होत नाहीत. म्हणून काही जणी शस्त्रक्रियेकडे वळतात. एका पद्धतीत तोंडातूनच आत जाऊन दोन्ही स्वरतंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवतात. कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. जर्मनीच्या वेंडलर यांच्या नावाने ती ओळखली जाते. दुसरी जपानच्या इस्शिकी यांची. त्यांनी 1974 मध्ये स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियांचे चार प्रकार मांडले. त्यातला चौथा आवाज चढवण्यासाठी आहे, आणि तिसरा आवाज उतरवण्यासाठी.

हा तिसरा प्रकार कुणासाठी? वयात येऊनही ज्याचा आवाज बायकी राहिला अशा मुलासाठी, थेरपीने फरक पडला नाही तर. असा मुलगा घरात असला की अम्मी-अब्बा त्याला शहरातल्या डॉक्टरकडे नेतात. लग्न अडेल, नोकरीत हसतील, ही काळजी सगळ्या मोहल्ल्याला पटते. त्याला कुणी शौकीन म्हणत नाही. त्याच यादीतला तिसरा नंबर इलाज आणि चौथा नंबर ऐयाशी, हे गणित मला कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवावं.

आणि आपल्या भाषा! मी उर्दू शिकवते, मराठीही. दोन्ही भाषा बोलणाऱ्याला लपायला जागा ठेवत नाहीत. इंग्रजीत 'आय वेन्ट' म्हटलं की बाई की बाप्या, काही कळत नाही. मराठीत 'मी गेले', उर्दूत 'मैं गई', आणि आमच्या वऱ्हाडी बोलीत 'मी गेली'. क्रियापद एक सांगतं, आवाज दुसरं सांगतो आणि ऐकणारा फिसकन हसतो. गॅसचा नंबर लावा, बँकेत फोन करा, पलीकडून "बोला दादा" येतंच. आधार कार्डावर काहीही लिहिलेलं असो, फोनवर आवाजच आधार कार्ड असतो.

ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या गळ्यातली भामिनी आणि सिंधू डोक्यावर घेतली, तो पुरुषाच्या देहातून आलेल्या स्त्रीच्या आवाजाला हसतो, याची मला गंमत वाटते. गंमत म्हणजे चीड.

आमच्या मोहल्ल्याचं तर आणखी वेगळं. बाईने आवाज खाली ठेवावा, परक्याच्या कानावर पडू देऊ नये, हे आम्हा मुलींना लहानपणापासून सांगितलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर सूर चढतो, पण आवाजाचा जोर बहुतेकदा कमी होतो. ओरडता येत नाही. म्हणजे मोहल्ल्याला हवी तशी हळू बोलणारी बाई समोर उभी राहते, आणि हेच लोक तिच्यामागे टोपणनावं ठेवत फिरतात. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडवायला आणि वाईट नावांनी हाक मारायला मनाई केलेली आहे. शस्त्रक्रिया जायज की नाजायज यावर उलेमांनी खुशाल वाद घालावा. टर उडवण्यावर वाद नाही.

आता सरकारचं. 2014 च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतःची ओळख ठरवायला शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. ते योग्यच. कुणी मूळ आवाजात आयुष्य काढते, कुणी नुसत्या सरावाने तो बदलते, तिलाही तेवढाच मान. पण जिला शस्त्रक्रिया हवी तिचं काय? 2019 च्या कायद्याच्या कलम 15 ने लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरकं आणि लेझर उपचार यांचा खर्च विम्यातून भागवायची जबाबदारी सरकारवर टाकली. लेझर, म्हणजे चेहऱ्यावरचे केस, कायद्याला दिसले. गळा दिसला नाही. 'इतर आरोग्य प्रश्न' या शब्दांत तो बसवता येईल असं वकील म्हणतील, पण त्या शब्दांवर भांडायलाही आवाज लागतो. त्याच कलमात आरोग्य पुस्तिका डब्ल्यूपाथ या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काढावी असं आहे, आणि त्या संस्थेच्या 2022 च्या आवृत्तीत आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे.

समजा, ऑपरेशनचे पैसे कुठूनतरी आले. पुढचं मौन कोण पोसणार? जी बाजारात मागून खाते, रेल्वेच्या डब्यात टाळी वाजवून दुआ देते, मुलाच्या जन्माला बधाई गाते, तिचं दुकानच तोंडात आहे. दोन आठवडे ते पूर्ण बंद, पुढे कित्येक आठवडे अर्धं. केरळ सरकारला हे निदान कळलं. तिथे लिंगबदल शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांसाठी वर्षभर दरमहा 3,000 रुपयांची योजना आहे. महाराष्ट्राने ती आणावी आणि तिच्यात आवाजाची शस्त्रक्रिया नाव घेऊन घालावी.

त्याहून मोठी अडचण स्पीच थेरपीची आहे. शस्त्रक्रिया फक्त सूर चढवते. बोलण्याची लय, शब्दावरचा हेल, आवाज छातीत घुमतो की तोंडात, हे सगळं सरावाने येतं, आठवड्यामागून आठवडे. आमच्या धामणगाव बढ्याहून आधी मोताळा किंवा मलकापूर, तिथून पुढे मोठं शहर, असा प्रवास दर आठवड्याला कोण करणार? मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, महाराष्ट्राचे एकेकाळचे राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची. थेरपिस्ट तिथे घडतात. आमच्या पोरांनी दोन वर्षं मोबाइलवर शाळा केली, तर मोबाइलवर आवाजाचा सराव का होऊ नये?

आणि जिल्ह्यातही सुरुवात शून्यातून करायची नाही. 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हा पातळीवरच्या केंद्रात लहान मुलांसाठी स्पीच थेरपिस्टचं पद धरलेलं आहे. तोतरं बोलणारा मुलगा जिथे जातो, त्याच खोलीत आठवड्यातून एक दुपार मोठ्यांसाठी ठेवा. थेरपिस्टला त्याचं प्रशिक्षण द्या. दारावर पाटी लावू नका, फक्त 'आवाज' एवढंच लिहा. घसा बसलेल्या आम्ही मास्तरणीही त्याच रांगेत येऊन बसू.