मधल्या वयाची, मधल्या वेगाची शर्यत

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळात पोहणारे पुष्कळ आहेत. सकाळी सहाला तलावावर गेलं की ओळखीचे चार-पाच चेहरे भेटतातच. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाचे गुडघे आता धावू देत नाहीत, कुणी मुलांना क्लासला सोडता सोडता स्वतःच पाण्यात उतरलेलं असतं. यांतल्या कुणालाही मास्टर्सच्या, म्हणजे प्रौढांच्या वयोगटवार, स्पर्धेला नाव द्यायला सांगितलं की उत्तर ठरलेलं: "छे, आपण कुठे तेवढे चांगले पोहतो!" या उत्तराला माझा विरोध आहे. बेताचं पोहणाऱ्या, पन्नाशीच्या आसपासच्या माणसानं स्पर्धेत उतरावं, आणि आपल्या बायकांनी तर जरूर उतरावं, असं मला मनापासून वाटतं.

मी नाट्याची. राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या खाडीकाठचं गाव. एका अंगाला यशवंतगड, तिकडे मुसाकाजीचं बंदर, साखरी नाट्याच्या होड्या. घराच्या इतकं जवळ पाणी असलेल्या गावात सगळ्यांनाच पोहता येत असेल, असं इथल्या मैत्रिणींना वाटतं. मुलग्यांना येत असे. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत सोडायचे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते खाडीत पोचलेले असायचे. भरतीचं पाणी कुठून ओढतं, ते तिरकं कसं कापायचं, सुकती लागली की कुठे उतरायचं नाही, हे त्यांना कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं. बायकाही पाण्यात जायच्या. सुकतीला खडकांवरची कालवं काढायला, कमरेइतक्या पाण्यात वाकून तासन् तास. पण पोहता येणारी बाई क्वचित. पाणी उपजीविकेचं होतं तोवर बाईला मोकळं होतं. नुसतं पोहण्यासाठी मात्र ते मुलग्यांचं होतं.

आरती साहा 1959 साली इंग्लिश खाडी पोहून गेली. असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री. हे मला शाळेत पाठ होतं. त्याच शाळेतल्या आम्हा मुलींपैकी एकीलाही गावची खाडी पोहता येत नव्हती. म्हणून माझ्या पिढीच्या बायकांसाठी मास्टर्स ही शाळा-कॉलेजातल्या स्पर्धांची पुरवणी नाही. आमच्या आयुष्यातली ती पहिलीच शर्यत आहे, आणि पहिली शर्यत चुकवू नये.

मी चाळिशीनंतर, इथल्या नगरपालिकेच्या तलावात शिकले. आज मला शंभर मीटर फ्रीस्टाईलला पावणेदोन मिनिटं लागतात. चीनच्या पान चानलनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते अंतर 46.40 सेकंदांत संपवलं. मला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. माझ्या वयोगटातही माझ्यापुढे पुष्कळ जणी असतात. तरीही मी दर हंगामात नाव देते, आणि त्याला कारणं आहेत.

मास्टर्सची कल्पना एका डॉक्टरची. अमेरिकन नौदलातले कॅप्टन रॅन्सम आर्थर. मोठ्या माणसांना तब्येत राखायची तर त्यांच्यापुढे काहीतरी ठरलेलं ध्येय हवं, नुसत्या उपदेशानं भागत नाही, असं त्यांचं मत होतं. जलतरण प्रशिक्षक जॉन स्पॅनथ यांनी ते उचलून धरलं आणि 1970 च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या ॲमरिलो इथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. पोहणारे होते 46. जागतिक स्पर्धा 1986 साली टोकियोत सुरू झाली. आज भारतातही राष्ट्रीय मास्टर्स भरते. या साऱ्याच्या मुळाशी पदक नव्हतं, तारीख होती. अमुक रविवारी शर्यत आहे हे ठाऊक असलं की मंगळवारच्या थंडीत अंथरुणातून उठणं होतं.

"आम्ही व्यायामासाठी पोहतो, तेवढं पुरे," असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: गेल्या वर्षी तुमच्या पोहण्यात काय बदललं? त्याच लेनमध्ये, त्याच वेगानं, तेवढ्याच फेऱ्या मारत राहिलं की शरीर त्याला सरावतं आणि शिकणं थांबतं. शर्यत ते पुन्हा चालू करते. उदाहरणार्थ, शंभर मीटरमध्ये नवखा माणूस पहिले पन्नास जोरात मारतो. स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरा पडत नाही, आणि शेवटच्या पंचवीस मीटरमध्ये हात शिशाचे होतात. हे पुस्तकात वाचून समजत नाही. घड्याळानं दोन्ही पन्नासांचे आकडे वेगवेगळे दाखवले की समजतं, आणि पुढच्या वेळी पहिला अर्धा भाग राखून पोहण्याची अक्कल येते. भिंतीशी वळण्याचंही तेच. पंचवीस मीटरच्या तलावात पंधराशे मीटर म्हणजे साठ फेऱ्या आणि एकोणसाठ वळणं. खाडीत पोहून तयार झालेल्या आमच्या गावच्या मुलग्यांना दम अफाट, पण त्यांच्या पाण्याला भिंतच नव्हती. त्यांनाही इथे शिकण्यासारखं भरपूर आहे.

"हरायला कशाला जायचं?" हा प्रश्न स्पर्धेची रचना माहीत नसल्यामुळे पडतो. मास्टर्समध्ये पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात: 45 ते 49, 50 ते 54, असे शंभरीपलीकडेही. निकाल गटानुसार लागतो, पण हीट, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्यांच्या तुकड्या, लावतात त्या साधारणपणे नोंदवलेल्या वेळेनुसार. त्यामुळे तुमच्या शेजारच्या लेनमध्ये तुमच्याच वेगाचं माणूस असतं, मग ते तिशीतलं असो की सत्तरीतलं. कुणाला एकट्याला पोहावं लागू नये म्हणून वेगवेगळे वयोगट, स्त्रिया आणि पुरुष एका हीटमध्ये घेण्याची मुभा नियमांतच आहे. वरच्या ब्लॉकवरून सूर मारण्याची भीती वाटत असेल तर काठावरून किंवा पाण्यातूनच भिंतीला पाय लावून सुरुवात करता येते. बटरफ्लायमध्ये डॉल्फिन किक जमत नसेल तर मास्टर्समध्ये ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. फ्रीस्टाईलच्या शर्यतीत तर तुम्ही कुठल्याही पद्धतीनं पोहू शकता. ज्यांनी हे नियम केले त्यांच्या डोळ्यांसमोर गुडघे धरलेला, उशिरा शिकलेला, घाबरणारा माणूस होता, हे वाचताना स्पष्ट कळतं. मला या नियमांबद्दल फार आदर आहे.

आणि वय. जपानच्या मिएको नागाओका ऐंशीच्या घरात पोहण्याकडे वळल्या आणि 2015 साली, शंभराव्या वर्षी, पंधराशे मीटरची शर्यत पूर्ण करणाऱ्या जगातल्या पहिल्या शतायुषी ठरल्या. वेळ: एक तास पंधरा मिनिटं 54.39 सेकंद. वेगाच्या हिशेबात हा आकडा काहीच नाही. पण साठ फेऱ्या त्यांनी पुऱ्या केल्या आणि त्यांची नोंद झाली. मास्टर्समध्ये वाढदिवसाला लोक खरोखर आनंदानं सांगतात की यंदा मी नव्या गटात गेले, गटातली सगळ्यांत लहान झाले. पन्नाशीनंतर वय वाढल्याचा असा आनंद दुसरीकडे कुठे होताना मी पाहिला नाही.

आता कपड्यांचं. ही अडचण मी हलकी मानत नाही, कारण तिच्यामुळेच आपल्या अनेक बायका पाण्याच्या काठावरून परत गेल्या आहेत. स्पर्धेच्या नियमांत बाईचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असलेला चालतो. तलावात पोहणाऱ्या निम्म्या मुली तसाच घालतात. उरला प्रश्न लोक काय म्हणतील हा. ज्या लोकांची आपल्याला भीती वाटते, ते त्या रविवारी सकाळी तलावावर नसतातच. तिथे असतात ते स्वतःच्या हीटची वाट बघणारे, टोप्या सारख्या करणारे, पाणी पिणारे लोक. त्यांना तुमच्या दंडाकडे बघायला सवड नसते.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. आपल्या भारतीय लोकांना मधुमेह आणि हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. शर्यतीचा वेग अंगावर घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब पाहा. खांदे दुखले तर दुखण्यावर जोर करू नका. पोहणाऱ्यांचं पहिलं दुखणं खांद्यातच येतं. अंतर हळूहळू वाढवा. पण तपासणी नीट निघाल्यावर पुन्हा तीच भीती सबब म्हणून पुढे करू नका.

मायदेशीही हे दार उघडं आहे. आपण बहुतेक जण डिसेंबरात गावी जातो. त्याच सुमारास मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. नाट्याहून खाली, शेजारच्याच जिल्ह्यात. लहान मुलांपासून पांढऱ्या केसांच्या आजी-आजोबांपर्यंत गट असतात, अपंग जलतरणपटूही उतरतात. समुद्र तोच, ज्याच्या काठी आमच्या आया कालवं काढत उभ्या राहिल्या. त्यात शर्यत पोहायला बाईनं उतरणं ही माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे. पुण्याचा रोहन मोरे 2018 साली जगातल्या सातही अवघड खाड्या पोहून ओशन्स सेव्हन पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण एका रोहनसाठी टाळ्या वाजवणारा समाज आणि पोहणारा समाज यांत फरक आहे. पाचशे मीटर अंतर हळूहळू कापून किनाऱ्याला लागणारी शे-दीडशे मध्यमवयीन माणसं जेव्हा दर गावात असतील, तेव्हा त्यांच्या मुलीही पाण्याला घाबरणार नाहीत.

मंडळासाठी माझा एक ठोस प्रस्ताव आहे. मास्टर्सच्या रिलेमध्ये चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो: 160 ते 199, 200 ते 239, 240 ते 279 असा. मिश्र रिलेत दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. म्हणजे 45, 52, 58 आणि 61 वर्षांचे चौघे आले की बेरीज 216, आणि मराठी मंडळाची एक टीम तयार. प्रत्येकानं पन्नास मीटर पोहायचं. दर वर्षी आपण क्रिकेटची टीम काढतो, तिला टी-शर्ट देतो, सामन्यांना गर्दी करतो. यंदा वसंतातल्या स्पर्धेला एक रिलेही काढू. दोन फेऱ्या न थांबता मारता येत असतील तर तुम्ही पात्र आहात. वेळ किती लागतो हे कुणी विचारणार नाही. दोन स्त्रियांपैकी एक मी आहे. तीन जागा रिकाम्या आहेत. अंक मिटण्याआधी कार्यकारिणीकडे नाव द्या.